स्वतःचं पोर्ट्रेट: दीड मीटर, एक खिडकी आणि सतराचा पाढा

सेल्फीत नाक मोठं दिसतं ही तक्रार खरी आहे, आणि दोष नाकाचा नाही. हात आखडून फोन तोंडापासून ३० सेंटिमीटरवर धरला की नाकाचं टोक लेन्सच्या अगदी जवळ येतं आणि कान त्या मानाने फार मागे पडतात. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोशी ताडून पाहिलं तर नाकाचा पाया या अंतरावर सुमारे ३० टक्के जास्त रुंद भरतो. कपाळ फुगतं, कान गालांमागे लपतात, जबडा निमुळता होतो. लेन्स बदलून यातलं काही सुधारत नाही. चेहऱ्याची प्रमाणं ठरतात ती फक्त अंतरावर. झूम नुसती चौकट लहान करतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे कॅमेरा हातातून सोडायचा आणि दीड ते दोन मीटर लांब ठेवायचा. जुन्या गोंयकार घराच्या बल्कांवात (दारापुढच्या छपराच्या ओट्यावर) समोरासमोर दोन सोपे, म्हणजे बांधीव बाक, असतात. त्यावर बसून बोलणाऱ्या दोघांच्या चेहऱ्यांत साधारण एवढंच अंतर पडतं. लोकांनी तुम्हाला पाहिलेलं असतं ते याच अंतरावरून, त्यामुळे त्यांच्या ओळखीचा चेहराही इथूनच मिळतो.

एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची साधी लेन्स पुरे. उभा धरलेला कॅमेरा दीड मीटरवर सुमारे ७० सेंटिमीटर उंचीचा भाग टिपतो, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंत. फोन असेल तर मागचा कॅमेरा वापरा, पुढचा नको. १एक्सवर दीड मीटरवरून जवळजवळ दोन मीटरचा भाग चौकटीत येतो, अख्खा माणूस आणि वर भिंत. २एक्सवर साधारण एक मीटर, ३एक्सवर ७० सेंटिमीटरच्या आसपास. मात्र कमी उजेडात बरेच फोन ३एक्सची लेन्स गुपचूप बंद करतात आणि मुख्य लेन्सचंच चित्र कापून देतात. ओळखायचं कसं? ३एक्सच्या लेन्सवर बोट ठेवा. पडद्यावर अंधार झाला नाही तर समजा फसवणूक चालू आहे. खिडकीच्या आणखी जवळ सरका.

कॅमेऱ्याची उंची डोळ्यांइतकी. खुर्चीत बसून जमिनीपासून डोळ्यांपर्यंत टेपने मोजा, बहुतेकांचं ११० ते १२० सेंटिमीटर भरतं. लेन्स त्याच्या खाली गेली की हनुवटी आणि नाकपुड्या पुढे येतात, वर गेली की डोळे याचना करू लागतात. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चळत आणि फोनला टेकू म्हणून तांदळाची पुरचुंडी चालते.

आरशाची सवय

अंतर नीट ठेवूनही पहिला फोटो पाहिल्यावर "हा मी नव्हेच" असं वाटतं. याचं कारण आरसा. भांग डावीकडे असेल तर आरशात तो डावीकडेच दिसतो. समोरच्या माणसाला मात्र तो त्याच्या उजव्या हाताला दिसतो. कुठलाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो: एक भुवई वर असते, ओठाची एक कड जरा जास्त उचललेली असते. आरशातली उलटी मांडणी आयुष्यभर पाहिल्यावर सुलटी मांडणी वाकडी वाटते. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं. लोकांना स्वतःची आरशासारखी उलटी प्रिंट जास्त आवडली, त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटी.

गंमत म्हणजे फोटोग्राफीच्या सुरुवातीला ही अडचण नव्हती. डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या ताटलीवरचा सुरुवातीचा फोटो) मुळातच उलटा येई, त्यामुळे बसलेल्या माणसाला ताटलीवर आपला आरशातलाच चेहरा भेटे. फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये काढलेलं स्वतःचं चित्र असंच एक. हात छातीशी बांधलेले, केस विस्कटलेले, आणि माणूस चौकटीच्या मधोमध नाही. समोर पडदा नसताना चौकट अंदाजाने धरावी लागते, तिथे असं व्हायचंच. तुमच्याही पहिल्या दहा फ्रेम अशाच येतील. येऊ द्या.

फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं जतन करण्याचा एक पर्याय असतो. तो बंद करा, म्हणजे रोजच्या सेल्फीतूनही सुलट्या चेहऱ्याची सवय होत जाईल. ब्युटी मोड, त्वचा मऊ करणारा फिल्टर, चेहरा बारीक करणारी पट्टी हेही शून्यावर आणा. काही फोनांत हे सगळं विकत आणल्यापासूनच चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

उजेड

आता सगळ्यात मोठा भाग. चांगला कॅमेरा आणि वाईट उजेड यापेक्षा साधा फोन आणि चांगली खिडकी कधीही बरी.

ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही ती निवडा. पुस्तकं सरसकट उत्तरेची खिडकी सांगतात. गोव्यात ते वर्षातले आठ-नऊ महिनेच खरं. आपण साडेपंधरा अक्षांशांवर आहोत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जून सुरू झाला की ढग त्याला झाकतात, पण मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीवर ऊन उतरलेलं पाहून गोंधळू नका. त्या दिवसांत पूर्वेच्या खिडकीत दुपारनंतर आणि पश्चिमेच्या खिडकीत सकाळी बसा.

खिडकीपासून एक मीटरवर आणि मागच्या भिंतीपासून किमान दीड मीटरवर खुर्ची मांडा. खिडकी तुमच्या एका हाताला, पण किंचित पुढे असावी. अगदी काटकोनात आली तर अर्धा चेहरा काळा पडतो, अगदी समोर आली तर चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. बसण्याआधी त्या जागी आपली मूठ धरून हळूहळू फिरवा. बोटांच्या सांध्यांवर उजेड आणि सावली जिथे नीट वेगळी दिसेल, तिथे नाक आणायचं. सावलीची बाजू फार गडद वाटली तर तिकडे ६० ते ९० सेंटिमीटरवर थर्माकोलची शीट किंवा वाळत घातल्यासारखी पांढरी चादर धरा. उलट चेहऱ्यावरचे उंचसखल भाग ठळक हवे असतील तर त्याच जागी काळं कापड लावा. हा उपाय फारसं कोणी वापरत नाही, पण पिकलेल्या दाढीला आणि वयस्क चेहऱ्यांना तो फार शोभतो.

डोळ्यात खिडकीचा एक लहान ठिपका चमकतो की नाही ते पाहा. घड्याळाच्या दहाच्या किंवा दोनच्या जागी तो आला तर डोळे जिवंत दिसतात. खिडकी जमिनीपर्यंत असेल तर ठिपका खाली सरकतो आणि उजेड हनुवटीखालून चढतो. अशा वेळी खालच्या अर्ध्या भागावर जाड चादर टांगा.

शिंपल्यांची तावदानं शाबूत असलेलं घर मिळालं तर नशीब समजा. त्यांतून येणारा उजेड दुधाळ, जरा पिवळसर असतो आणि सावलीला कडाच राहत नाहीत. फक्त एक झडप उघडी आणि एक बंद असं करू नका. उघड्या भागातून निळसर आणि शिंपल्यांतून पिवळसर असे दोन रंग चेहऱ्यावर भेटतात आणि मग कुठल्याही ॲपमध्ये ते वेगळे होत नाहीत. सगळं बंद ठेवा, पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) लावून घ्या, आणि उजेड कमी आहे हे मान्य करून आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा.

बल्कांव हा तर तयार स्टुडिओच. वर छप्पर असल्याने डोक्यावरचा उजेड अडतो, समोरून आणि बाजूने मोकळं आभाळ येतं, मागे दाराचा काळोख. सोप्यावर बसून तोंड अंगणाकडे करायचं, झालं. पण खाली लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन असेल तर हनुवटीखाली आणि गळ्यावर तांबूस छटा चढते. अंगणातली माती आणि उघड्या चिऱ्यांची भिंतही हेच करतात. चौकटीबाहेर, पायांपाशी पांढरी चादर पसरली की छटा जाते आणि डोळ्यांखालच्या सावल्याही उजळतात.

राजांगणाचं, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाचं, गणित वेगळं. तिथे उजेड वरून पडतो, त्यामुळे तुळशीवृंदावनाजवळ उभं राहिलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. अंगणात न उतरता भोवतीच्या पडवीच्या कडेला बसा आणि तोंड वृंदावनाकडे ठेवा. मांडीवर पांढरा टॉवेल घेतला तर आणखी चांगलं. कुळागरात (पोफळीच्या बागेत) आणि माडांखाली मोह आवरा. पावसाळ्यात तिथला सगळा उजेड पानांतून गाळून आलेला असतो आणि चेहरा कावीळ झाल्यासारखा हिरवा-पिवळा दिसतो. बागेच्या कडेला, जिथे डोक्यावर उघडं आभाळ सुरू होतं, तिथपर्यंत बाहेर या; झाडं मागे राहतील ती पुरेत.

समुद्रकिनाऱ्याबद्दल थोडक्यात. मे महिन्याच्या सुरुवातीला भर दुपारी इथे सावली पायाखाली जाते, तेव्हा काढलेल्या फोटोत डोळेच नसतात. संध्याकाळी तोंड समुद्राकडे केलं तर डोळे मिटतात. सूर्य पाण्यात गेल्यावर पाच मिनिटं थांबा, मग तोंड पश्चिमेकडे करा. या अक्षांशावर संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो, त्यामुळे कॅमेरा, खुणा, फोकस हे सगळं सूर्य बुडण्याआधीच लावून ठेवलेलं असावं.

घरात दिव्याखाली काढणार असाल तर एकाच प्रकारचे दिवे चालू ठेवा. स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात; शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं नाही तर चित्रावर आडवे पट्टे येतात. समईच्या उजेडात काढायचं असेल तर समई जमिनीवर ठेवू नका, खालून उजेड पडला की प्रत्येक जण राक्षसपार्टी. स्टुलावर पाट, पाटावर समई, म्हणजे ज्योती हनुवटीच्या वर येतात. पाचही वाती लावा, ५० ते ७० सेंटिमीटरवर बसा, एफ १.८ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), आयएसओ ३२००, शटर १/३० च्या आसपास, आणि श्वास सोडून स्थिर. केस आणि पदर सांभाळा.

फोकस आणि एक्स्पोजर

आपणच कॅमेऱ्यामागे नसल्यामुळे सर्वाधिक फ्रेम वाया जातात त्या फोकसमुळे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ १.८ आणि दीड मीटर असा मेळ घातला तर फोकसमध्ये येणारी खोली सहा-सात सेंटिमीटर असते. खुर्चीत जरा मागे टेकलात की डोळे गेले आणि नाक राहिलं. एफ ५.६ वर तीच खोली वीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. सुरुवात तिथूनच करा. मागची भिंत मऊ दिसावी म्हणून एफ १.८ चा हट्ट धरायचा आणि डोळे अस्पष्ट आणायचे, हा सौदा तोट्याचा.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे सुतळी. तिचं एक टोक ट्रायपॉडच्या डोक्याला, लेन्सच्या पातळीवर बांधा. खुर्चीत बसून दुसरं टोक डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ताणा आणि तिथे गाठ मारा. आता खुर्चीवर उभा केरसुणीचा दांडा टेकवा, गाठ दांड्यापर्यंत आणा आणि त्या दांड्यावर हाताने फोकस लावून ऑटोफोकस बंद करा. खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. मधूनच सुतळी ताणून आपण जागेवर आहोत का हे पाहता येतं. डोळे ओळखणारा ऑटोफोकस असेल तर सुतळीची गरज नाही, पण चष्मा, काळोख किंवा चेहऱ्यासमोर आलेला हात यांनी तोही चकतो. फोनवर त्या दांड्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ यायचं ते) दोन्ही कुलूपबंद होतात.

दिव्याचा आणि समईचा उजेड सोडला तर शटर १/१२५ पेक्षा हळू नको. बसलेला माणूसही डोलत असतो, आणि पापणी तर फारच चपळ. खिडकीपाशी यासाठी आयएसओ ८०० ते १६०० लागेल. दाणे दिसले तरी चालतील. हललेला डोळा चालत नाही.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्या दृश्याची सरासरी करून मधला करडा रंग गाठू पाहतो. मागे चुन्याची पांढरी भिंत आणि समोर सावळा चेहरा असेल तर तो चेहरा काळवंडवतो, एक्स्पोजर +०.७ ते +१ करा. मागे दाराचा काळोख असेल तर तोच मीटर चेहरा पांढराफटक करतो, −०.७ करा. कपाळाचा आणि नाकाचा चकाकणारा ठिपका पांढरा फुटत नाही ना, एवढंच बघायचं. आपल्याकडे घामाने तो फुटतोच. घाम पुसू नका, टिश्यूने नुसता टिपा. पुसल्याने गाल लाल होतात.

चष्मा असेल तर काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला, काचा खाली झुकतात आणि खिडकीचं प्रतिबिंब निघून जातं. बारीक पट्ट्यांचा शर्ट टाळा, पडद्यावर त्याच्या रेघा नाचतात. बाकी कपडे रोजचे.

बैठक

हे सगळं जमलं तरी तयार झालाय तो फक्त नीट उजळलेला, नीट फोकस झालेला पासपोर्ट फोटो. पोर्ट्रेटमधून माणूस दिसतो म्हणतात, पण कॅमेरा त्वचेच्या पलीकडे जात नाही. तो एकच गोष्ट करू शकतो: आपण चेहरा मांडायचं विसरलो तो क्षण टिपणं.

प्रत्येकाचा एक आरशातला चेहरा असतो. आरसा दिसताच हनुवटी जरा खाली, ओठ जरा आवळलेले, आवडती बाजू पुढे. वर्षानुवर्षांच्या सरावाने तो इतका पक्का झालेला असतो की कॅमेरा दिसताक्षणी आपोआप चढतो. गोव्यात गावोगावच्या जत्रेत मराठी नाटक होतं आणि निम्म्या गावाने कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला असतो, त्यामुळे इथल्या मंडळींना ही खोड जरा जास्तच. लेन्स समोर आली की कोणी शिवाजी होतो, कोणी ‘एकच प्याला’तला सुधाकर. हा चेहरा खोटा नाही, पण तुमच्याकडे त्याचे शेकडो फोटो आधीच आहेत.

तो उतरवायचा उपाय म्हणजे त्याला दमवणं. दहा सेकंदांचा टायमर याला निरुपयोगी आहे, कारण धावत जाऊन बसलेला माणूस तो लाल दिवा लुकलुकताना नेमका तोच चेहरा चढवतो. ब्लूटूथ रिमोटही फार बरा नाही. बटण दाबणारा हात आणि चेहरा एकमेकांना सामील असतात. इंटरव्हल शूटिंग वापरा. कॅमेऱ्याच्या मेन्यूत नसेल तर फोनसाठी तशी साधी ॲप मिळतात. दर पाच सेकंदांनी एक, अशा १२० फ्रेम, म्हणजे दहा मिनिटं. शटरचा आवाज बंद ठेवा, पडदा उलटा फिरवा किंवा झाका. फोटो नेमका कधी पडला हे कळेनासं झालं की चेहरा पहारा सोडतो. बहुतेक वेळा पहिल्या तीस-चाळीस फ्रेम आरशातल्या चेहऱ्याच्याच निघतात. त्या पुसू नका, पुढे तुलनेला लागतील.

दहा मिनिटं नुसतं बसणं कठीण जातं. काही जणांचा चेहरा दगड होतो. तेव्हा सतराचा पाढा म्हणा, मोठ्याने. सतरा साती एकशे एकोणीसपर्यंत येईतो डोळे आत वळलेले असतात, भुवया आपल्या मर्जीने हलत असतात. पाढे पाठ असतील तर उलटे म्हणा. दुसरी रीत श्वासाची: डोळे मिटून पूर्ण श्वास सोडा, तीन मोजा, मग डोळे उघडा. उघडल्यानंतरचे एक-दोन सेकंद नजर कुठेच लागलेली नसते. पाच सेकंदांच्या लयीत हे करत राहिलं तर काही फ्रेम नेमक्या तिथे सापडतात. लेन्सकडे पाहायचं की नाही, हा वाद फार ताणू नये. अर्ध्या फ्रेम लेन्सकडे बघून काढा, उरलेल्या लेन्सच्या वीतभर बाजूला चिकटवलेल्या टिकलीकडे बघून.

दुसरी दहा मिनिटं हाताला काम देऊन करा. आदोळीवर (विळीवर) नारळ खवणं, अबोलीची फाती (गजरा) गुंफणं, तिसऱ्यो (शिंपल्या) काढणं, मोटरसायकलचा प्लग साफ करणं, काहीही, पण रोज करता तेच. ज्या कामात हात तरबेज असतात त्यात चेहरा मोकळा सुटतो. घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवत नसाल तर फोटोपुरता घुमट मांडीवर घेऊन बसू नका. हात लगेच सांगतात. चौकट जरा सैल ठेवा, हात कापले जाणार नाहीत अशी. कित्येकदा हातच चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतात आणि ते आरशापुढे कधी बसलेले नसल्याने त्यांना सोंग येत नाही.

तिसरी बैठक चेहऱ्याशिवाय. खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, सारवलेल्या अंगणातली सावली, उंबऱ्याशी काढलेली चप्पल, पाठमोरी मान. पाठमोरं काढताना फोकस कानाच्या पाळीवर धरा.

जागाही विचार करून घ्या. पणजीतल्या फोंताइन्हासच्या पिवळ्या भिंतीसमोर फोटो छान येतो, पण तो भिंतीचा येतो. जिथे तुम्ही खरोखर बसता तो कोपरा, मग तो गोदरेजच्या कपाटासमोरचा का असेना.

काय बिघडतं

किनाऱ्यावर वारा. ट्रायपॉडचे पाय वाळूत दहा सेंटिमीटर खुपसा आणि मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगा, पण पिशवी झोके घेणार नाही इतपत, म्हणजे ती वाळूला जेमतेम टेकली पाहिजे. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, सांधे उघडून वाळवा. खाऱ्या वाळूचा एक कण पुरे, पुढच्या खेपेला सांधा फिरत नाही.

एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर दव धरतं. ते पुसत बसू नका, पुन्हा येतं. खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून मग बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी जाळं विणते आणि मग सगळे चेहरे धुरकट येतात. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, बुरशीला तेच आवडतं.

निवड

काढले त्याच दिवशी फोटो पाहू नका. त्या दिवशी डोळे आरशाचेच असतात, केस कुठे विस्कटले तेवढंच दिसतं. आठवड्याने उघडा. आधी डोळे अस्पष्ट असलेल्या फ्रेम बाद करा, तिथे दया नको. उरलेल्यांतून बारा काढा. पाहताक्षणी जे आवडले ते वेगळे ठेवा, कारण त्यांत आरशातला चेहरा असण्याची शक्यता दाट. ज्यांच्याजवळ हात थबकला, जे जरा खटकले पण बाजूला सारता आले नाहीत, ते पुन्हा पाहा.

या बाराच्या पोस्टकार्ड आकाराच्या साध्या प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि घरातल्या कोणाला तरी बोलवा, रोज तुम्हाला पाहणारं माणूस हवं. "चांगला कुठला?" असं विचारलंत तर ते तुम्हाला खूश करतील. "यातली मी कुठली?" किंवा "यातला मी कुठला?" असं विचारा. आई किंवा बायको जिच्यावर बोट ठेवते ती फ्रेम बहुधा तुम्ही निवडली नसती. तिची निवड आणि तुमची, दोन्ही ठेवा.

एका बैठकीत माणूस पुरता सापडत नाही. जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा काढू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच वेळी, त्याच खुर्चीत पन्नास फ्रेम. आषाढातला ओला करडा उजेड, गणपतीनंतरचं लख्ख ऊन, मार्गशीर्षातली तिरपी किरणं, आणि त्यात बदलत जाणारा एकच चेहरा. बारा महिन्यांच्या बारा प्रिंट शेजारी लावल्या की कुठल्या महिन्यात काय चाललं होतं ते बाहेरच्यालाही कळतं.

संपादनात एक नियम पुरतो: जे आठ दिवसांत जाणार होतं ते काढलं तर चालेल, जे जाणार नाही ते ठेवायचं. पुटकुळी काढा. व्रण, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं ठेवा. रंग उजळ करू नका. खिडकीपाशी नीट एक्स्पोज केलेली सावळी त्वचा जशी चमकते तशी फिल्टरने कधीच चमकत नाही. लाल जमिनीची किंवा पानांची छटा काही केल्या जात नसेल तर सरळ कृष्णधवल करा.

प्रिंट फ्रेम करताना काच फोटोला टेकू देऊ नका, मध्ये तीन-चार मिलिमीटरची पुठ्ठ्याची चौकट घाला, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटते. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंती जुलैत घाम सोडतात, म्हणून फ्रेम आतल्या भिंतीवर लावा आणि मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. चिकटवण्याआधी मागे पेन्सिलने तारीख, वेळ आणि कुठली खिडकी ते लिहा. शाई नको, ती दमटपणात पुढच्या बाजूला उमटते.